ठरावाची स्टिक

दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं आणि केजजवळच्या आमच्या दूध सोसायटीचा हॉल रिकामा पडला. कॅनच्या जागी मी पूलचं टेबल टाकलं. चेअरमन कल्याणरावांनी परवानगी दिली, पण अट घालून. "बद्रीनाथ, बीडच्या क्लबला हरवून कप आणा. न्हाई आला, तर हॉल खाली करायचा. लोक मला हसायलेत."

कप आणायचा होता माझ्या बायकोने, सत्यभामेने. हसू नका. गावही आधी हसलं होतं. मग एकेक जण तिच्याकडून हरला आणि दात आपोआप आत गेले. तिची खोट एकच. डावाच्या सुरुवातीला गोळ्यांचा त्रिकोण एका फटक्यात फोडायचा असतो. तो ब्रेक तिला साधत नव्हता. आमच्या जुन्या, मऊ टोकाच्या स्टिकने गोळ्या जरा हलायच्या आणि तिथेच घोळका करून बसायच्या.

म्हणून माझ्या मित्राने, शहादेवने, पुण्याहून ब्रेकच्या दोन खास स्टिक पसंतीला आणल्या. एक ठेवायची, एक परत करायची. सत्यभामेने दोन्ही टेबलावर लोळवून बघितल्या, वाकड्या तर नाहीत ना. टोकावर नख दाबलं. दोन्ही कडक निघाल्या. मग त्यातली वजनाला हलकी उचलून हवेत मागेपुढे केली आणि स्वतःशीच हसली.

पण सोसायटीत असा निकाल लागतो होय? आमच्याकडे चहात साखर किती घालायची यालाही सूचक आणि अनुमोदक लागतात. दोन्ही स्टिक दुधाच्या काट्यावर चढल्या. जी जड तीच दणकट, असं सगळ्यांचं मत पडलं. मी तोंड उघडलं तर कल्याणराव म्हणाले, "तुमी खेळाडूचे मालक. तुमचा हितसंबंध हाय. तुमी हात वर करायचा न्हाई."

"आन् मी?" सत्यभामेने विचारलं.

"सूनबाई, तुमी खेळा. ठराव आमी करतो."

ठराव एकमताने मंजूर झाला. होणारच, विरोध करणारे दोघेही बाहेर! हलकी स्टिक मात्र शहादेवच्या आळसापायी कव्हरात तशीच कोपऱ्यात राहिली.

सामन्याच्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ठरावाची जड स्टिक सत्यभामेच्या हातात वेगच घेईना. दंड भरून आला, तरी गोळ्या जागच्या जागी. पुढच्या नेमबाजीवर तिने कशीबशी बरोबरी गाठली. आता शेवटचा डाव आणि ब्रेक तिचा. मागून कुणीतरी पुटपुटलं, "बाईमाणसाचा हात, किती चालणार बे?" माझं डोकं असं फिरलं, की शहादेवने मला धरून ठेवलं.

सत्यभामेने जड स्टिक कल्याणरावांच्या पुढ्यात आडवी ठेवली. कोपऱ्यात गेली आणि कव्हरातली हलकी काढून आणली.

"सूनबाई, ठराव मोडायलात तुमी!"

"चेअरमनसाहेब, चकलांब्याला ज्वारीवरची पाखरं हाकत वाढले मी. गोफणीत धोंडा घातला की पायाशीच पडतो. हाताला पेलंल आन् सणकून सुटंल, आसा गोटा लागतो."

ती वाकली. हात मागे गेला तो दिसला, पुढे आला तो दिसलाच नाही. नुसता कडाका ऐकू आला. पत्रे वाजल्यासारखे वाटले. क्षणभर मला वाटलं, गोळ्या फुटल्याच. त्या टेबलभर धावत होत्या, कडांवर आपटून परत येत होत्या, आणि दोन तर पॉकेटात जाऊन पडल्यासुद्धा. अंगावर सरसरून काटा आला. इतकी वर्षं संसार केला, पण ही बाई केवढी आहे ते मला त्या घटकेला कळलं. पुढे तिने एकामागून एक गोळी शांतपणे आत घातली. बीडचा गडी स्टिक घेऊन उभाच राहिला. त्याची पाळी आलीच नाही आणि कप आमचा झाला.

सगळे टेबलाकडेच बघत होते. शेवटी कल्याणराव उठले, टोपी नीट केली.

"हॉल पूललाच राहावा, आन् इथून पुढं स्टिक सूनबाईंनी निवडावी. सूचक मी. मंजूर असंल त्यांनी हात वर करा."

सगळ्या हॉलचे हात वर गेले. सत्यभामेने माझ्याकडे बघितलं. हितसंबंध गेला खड्ड्यात. मी दोन्ही हात वर केले.