बारा सेंटीमीटर

वकीलबाईंनी फाइल उघडली आणि कागद टेबलावर पत्त्यांसारखे मांडत नेले. एकूण तेवीस. अठरांवर सह्या आणि शिक्के दोन्ही होते, तिघांवर सही होती पण शिक्का नव्हता, एकावर शिक्का होता पण सही नव्हती, आणि तेविसाव्याच्या जागी नुसती एक पिवळी चिठ्ठी होती.

“हा कोणता?” तिने विचारलं.

“हा अजून जन्मायचाय,” वकीलबाई म्हणाल्या. “नकाशाचा दुरुस्तीलेख. तुमचीच कृपा.”

कृपा तिचीच होती. ज्या प्रयोगशाळेत ती कामाला होती, तिथे दुसऱ्यांची मोजमापाची यंत्रं खरी आहेत की खोटी हे तपासत. सात आठवड्यांपूर्वी तिथला लेझर मीटर एका दिवसासाठी मागून आणून तिने, विकत घ्यायला निघालेल्या या घराच्या चारही खोल्या मोजल्या होत्या. तसं कोणी सांगितलं नव्हतं. लांबी-रुंदीचं प्रत्येक माप नकाशापेक्षा बारा सेंटीमीटरने कमी भरलं. मोठ्या खोलीची लांबी नकाशात पाच मीटर चाळीस होती, मीटरवर पाच अठ्ठावीस आली. तिने वकीलबाईंना दीड पानी पत्र पाठवलं, सोबत तक्ता जोडला. नकाशा गिलाव्याआधीचा असावा. पुढे गिलावा, त्यावर फळ्यांचं अस्तर, अशी प्रत्येक भिंत सहा सेंटीमीटर जाड झाली असावी. ‘सर्व खोल्यांत फरक सारखाच येतो, यावरून हे अनुमान पक्कं वाटतं,’ असं तिने शेवटी लिहिलं होतं. ते वाक्य तिला फार आवडलं होतं.

“पत्र फाइलला लागलं,” वकीलबाई म्हणाल्या. “आता मला डोळे झाकता येत नाहीत. घर आधी भाऊ-बहिणीचं होतं. भावाने अकरा वर्षांपूर्वी आपला हिस्सा बहिणीला लिहून दिला, त्या लेखालाही हाच नकाशा जोडलाय. म्हणजे दुरुस्तीवर दोघांच्या सह्या हव्यात. समक्ष. आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.”

“मग?”

“मग मी बोलते. तीन पत्रं झाली. काल उत्तर आलं.” त्यांनी मोबाइल तिच्याकडे वळवला. पडद्यावर एकच ओळ होती : सोमवारी अकराला येतो, चारच्या गाडीने परत.

“आणि समजा नकाशा बरोबरच निघाला तर?”

“तर मी अर्ध्या तासात तुमच्या करारावर सह्या घेते आणि घरी जाऊन झोपते. पण तो कसला निघतोय. तुम्ही मोजलंय ना.” वकीलबाईंनी कागद पुन्हा एकावर एक रचले. “तुमची भाड्याची खोली कधी सोडायचीय?”

“तीस तारखेला. नवीन माणसं ठरलीत. परवा पडद्यांची मापं घेऊन गेली.”

“आज चौदा,” वकीलबाई म्हणाल्या. मग फाइलच्या तळाचा एक कागद त्यांनी तिच्यापुढे सरकवला. बँकेचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला होता. ‘संपर्कासाठी जवळची व्यक्ती’ हा चौकोन रिकामा होता.

“इथे कुणाचंही नाव टाका हो. फक्त रिकामं नको.”

तिने पेन उघडलं. थोडा वेळ तसंच धरलं. मग प्रयोगशाळेचा पत्ता लिहिला आणि व्यक्तीच्या जागी ‘विभागप्रमुख’ असं घातलं.

घराच्या मालकीणबाई महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या ग्रंथपाल होत्या. आजूबाजूचे सगळे त्यांना ग्रंथपालबाई म्हणत. ती काकू म्हणायला लागली होती. घर विकून त्या एका निवृत्तांच्या वसतिगृहात जाणार होत्या. खोली बघून ठेवली होती, दोन वेळचं जेवण तिथेच. एरवी कागदांसाठी खेपा घालणं तिला जड गेलं असतं, पण प्रत्येक खेपेला काकू चहा ठेवत आणि एखादी गोष्ट विचारत. तुझ्या कामात एक मीटर म्हणजे नेमका किती, हे कुणी ठरवलं? ती सांगायची. काकू टेबलावर कोपरं टेकून ऐकायच्या. ती घरी परतली की बाकीच्या दिवसात तिच्याशी कुणी बोलायचं ते म्हणजे बँक, वकीलबाईंचं कार्यालय आणि वीज मंडळाचा ध्वनिमुद्रित आवाज.

भावाबद्दल काकू एकदाच बोलल्या होत्या.

“आई अंथरुणावर होती दीड वर्षं. ती गेल्यावर कुणी किती दिवस केलं, त्याचा त्याने हिशेब मांडला. मग मीही मांडला.” त्यांनी कपातली साखर ढवळली. “गंमत बघ. दोघांचाही बरोबर होता.”

शनिवारी प्रयोगशाळेत लेझर मीटरची वार्षिक तपासणी होती. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळे मायक्रॉन म्हणत, कारण तो केसाच्या जाडीवरूनही भांडायचा. त्याने मीटर स्टँडवर चढवला, समोर एक मीटरची प्रमाण पट्टी लावली.

“एक पूर्णांक शून्य शून्य शून्य. बाळ ठणठणीत आहे.” त्याने मीटर काढून टेबलावर ठेवला. “आता मागच्या कडेपासून बघू. बटण बदल गं. स्टँडवर वापरून वापरून हा कायम पुढच्या कडेवर असतो.”

तिचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच राहिला.

मीटरला दोन कडा होत्या. माप कुठल्या कडेपासून धरायचं ते एक बटण ठरवायचं, आणि पडद्याच्या कोपऱ्यातला छोटा बाण ते दाखवायचा. स्टँडवर पुढची कड. घरी, भिंतीला पाठ टेकवून मोजायचं तर मागची. सात आठवड्यांपूर्वी तिने चार खोल्यांत आठ वेळा मीटरची पाठ भिंतीला नीट, काटकोनात टेकवली होती. बाणाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आठही मापांतून मीटरची स्वतःची लांबी गळाली होती.

“काय गं? भूत दिसलं?”

“लांबी किती याची?”

“कशाची, मीटरची? बारा सेंटीमीटर. पाठीवर छापलंय की.” मायक्रॉनने चष्मा वर केला. “कुणाचं माप चुकवलंस?”

“कुणाचं नाही,” ती म्हणाली.

तिने बाहेर जिन्यात जाऊन वकीलबाईंना फोन लावला. कार्यालय सोमवारपर्यंत बंद असल्याचं यंत्राने सांगितलं. काय बोलायचं ते मनात जुळवून तिने दुसरा नंबर काढला, तेवढ्यात फोन वाजला. काकूच होत्या.

“अगं, बरं झालं उचललास. एक विचारू? त्याला लहानपणी मऊ उशी लागायची, अगदी मऊ. आता एकसष्ट वर्षांचा आहे. मानेचं काही असेल तर पातळ लागेल. मी दोन्ही आणल्यात. पण दोन्ही ठेवल्या तर जास्त वाटेल का?”

“काकू, ते चारच्या गाडीने परत जाणार आहेत ना?”

“हो, ते माहीत आहे मला.” पलीकडे कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला. “तरी खोली मोकळी केलीय. असू दे. तुला काही सांगायचं होतं का? तू नेहमी अशी थांबत नाहीस.”

“काही नाही. दोन्ही ठेवा,” ती म्हणाली. सोमवारी सगळ्यांसमोरच सांगू, असं तिने ठरवलं. परतल्यावर मीटर एका दिवसासाठी वहीत नोंदवून घेतला आणि बटण मागच्या कडेवर आणून ठेवलं.

सोमवारी ती पावणेअकराला पोहोचली. काकूंनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि त्या तिसऱ्यांदा टेबल पुसत होत्या. अकराला दोन मिनिटं कमी असताना घंटी वाजली. दारात एक उंच, किंचित वाकलेला माणूस होता, खांद्याला एक छोटी पिशवी. ते चष्म्यांचं दुकान चालवत, एवढं तिला माहीत होतं. आत आल्यावर त्यांनी बूट काढले नाहीत, पिशवीही उतरवली नाही.

“ये, छोटू,” काकू म्हणाल्या.

“हं,” ते म्हणाले. मग खोलीभर नजर फिरवून, “पंखा तोच आहे.”

“तोच. आवाजही तोच आहे.”

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. वकीलबाई होत्या. काकूंनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. नोंदणी अधिकारी रजेवर गेले होते. आज दुपारची वेळ रद्द, पुढची गुरुवारी. “मापं मात्र आज दोघांसमोर घेऊन ठेवा, कागदावर सह्या करा. गुरुवारी दोघांनी यायचं. दुरुस्त प्रत हातात पडायला पुढे तीन आठवडे धरा.”

फोन बंद झाला.

“गुरुवार जमणार नाही,” भाऊ म्हणाले. “पुन्हा यायचंही जमणार नाही. दुकानात मी एकटाच आहे.”

“गुरुवारपर्यंत राहू शकतोस,” काकू म्हणाल्या. त्या टेबलाकडे बघून बोलत होत्या. “खोली तयार आहे.”

“आणि दुकान?”

“तीन दिवस कुणी आंधळं होणार नाही.”

भाऊंच्या ओठाच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ते खिडकीकडे वळले. “आधी माप खरंच चुकलंय का ते तर बघू. हा नकाशा बाबांनी केलाय. बाबांनी स्वतः टेप धरून.”

“बाबा चुकायचे की.”

“बाबा चुकायचे नाहीत, ताई.”

“आठवीत तुझ्या सदऱ्याचं कापड कुणी मोजून आणलं होतं? एक बाही कमी पडली.”

“ते दुकानदाराने कमी दिलं होतं.”

“दुकानदाराने नाही. बाबांनी. मी सोबत होते.”

“अठ्ठेचाळीस वर्षं मी त्या दुकानदाराला शिव्या देतोय.”

“तो तर कधीचा गेला बिचारा.”

भाऊंनी पिशवीचा पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. तिथून पलंगाचं टोक दिसत होतं, त्यावर नवी चादर, आणि एकमेकींना टेकवून ठेवलेल्या दोन उशा, एक जाड, एक पातळ. त्यांची नजर तिथे गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

“नकाशा बरोबर असेल,” ते शेवटी म्हणाले, पहिल्यापेक्षा हळू, “तर माझी गरजच नाही. मग चारची गाडी मिळते.”

“हो,” काकू म्हणाल्या. “मग मिळते.” त्यांनी टेबलावरचं फडकं उचललं आणि त्याची चौकोनी घडी केली, मग ती मोडून पुन्हा केली.

दोघंही तिच्याकडे वळले.

तिने पिशवीतून मीटर काढला. मोठ्या खोलीच्या भिंतीशी गुडघे टेकून बसली, मीटरची पाठ भिंतीला टेकवली, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका स्थिर केला. एकदा मोजलं. पडद्यावर आकडा उमटला. तो फक्त तिलाच दिसत होता. पाच मीटर चाळीस. तिच्या मागे पंखा घरघरत होता. बारा दिवसांनी तिला खोली सोडायची होती. कुणाकडे विचारता येईल अशी घरं तिने मनात मोजली, आणि मोजणी लवकर संपली.

“आला का आकडा?” भाऊंनी विचारलं. ते वाकून बघायला एक पाऊल पुढे आले, मग चष्मा वरच्या खिशात शोधू लागले. “बारीक दिसतोय.”

“एक मिनिट,” ती म्हणाली. “पुन्हा घेते.”

तिने अंगठ्याने बटण दाबलं. कोपऱ्यातला बाण मागून पुढे आला. मीटरची पाठ भिंतीला तशीच टेकलेली होती, ठिपका त्याच जागी होता. तिने माप घेतलं, वही गुडघ्यावर उघडली, तारीख आणि वेळ लिहिली. मग आकडा मोठ्याने वाचला, दोघांनाही नीट ऐकू जाईल असा.

“पाच मीटर अठ्ठावीस.”