घासून लख्ख केलेला पंप

बायको गेल्याचं कळलं तेव्हा तो स्पेअर पार्ट्सच्या दुकानात टायमिंग बेल्ट हातात घेऊन उभा होता. गॅरेज तिचं. इंजिन ती खोलायची. सामान आणायचं आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं काम त्याचं. सर्व्हिसिंगला आलेल्या टॅक्सीचा बेल्ट बदलायचं ठरलं होतं. पाण्याचा पंप नवा टाकायचा की तोच परत बसवायचा, ते ती नीट बघून फोनवर सांगणार होती. फोन आला तो शेजारच्या पंक्चरवाल्याचा. ती गाडीपाशीच कोसळली होती, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मग शटर बंदच राहिलं. शेवटी टॅक्सीवाला दारात आला. "दादा, बोलायला जीभ रेटत नाही. पण गाडी उभी, तर माझी चूलही बंद."

त्याचं तरी काय चुकलं? मेहुणाही मेकॅनिकच होता. त्याला बोलावून घेतलं आणि शटर वर केलं.

गॅरेज लख्ख होतं. सोबतीला राहायला आलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, मागच्या दाराने येऊन झाडलोट केली होती. बाकावरचे सुटे भाग साबणाने घासून, शाळेच्या फोटोला पोरं उभी करावीत तसे उंचीप्रमाणे ओळीत लावले होते.

मेहुण्याने पंप उलटा केला. "भाऊजी, हे खालचं बारीक भोक बघा. पंप झिरपत असला की इथे पांढरट डाग धरतो. ताई त्यावरूनच ठरवायची."

"मग?"

"मग काय! अक्कांनी तवा घासावा तसा घासलाय. डाग होता की नव्हता, आता देव जाणे."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गॅरेजमागेच घर होतं. तो तसाच आत शिरला.

"तुला कुणी सांगितल्या होत्या नसत्या उठाठेवी?"

"अरे, किती घाण होती तिथे..."

"घाण नव्हती ती! तिचं शेवटचं काम होतं. तेही पुसून टाकलंस!"

"मला काय कळतं रे त्यातलं?"

"कळत नाही तर हात कशाला लावलास? जाशील तिथे लुडबुड. म्हणूनच तुझी सून तुला घरात टिकू देत नाही."

अक्काचा चेहरा उतरला. तो मागे न बघता गॅरेजमध्ये आला.

"पंप नवाच टाकू," मेहुणा म्हणाला. "बेल्ट निघालाच आहे. उद्या पंप गेला तर परत सगळं खोलायचं."

"चांगली वस्तू ती कधी फेकायची नाही."

"मग बसवा हाच. वाटेत इंजिन तापलं तर टॅक्सीवाल्याला तोंड तुम्ही द्या."

"तू गप्प बस!" तो ओरडला. मग रिकाम्या गॅरेजकडे बघून त्याहून मोठ्याने, "फोन करते म्हणालीस ना? मग केला का नाहीस?"

मेहुणा खाली मान घालून पाना पुसत राहिला.

थोड्या वेळाने तो दुकानात गेला. दुकानदार हळहळायला लागला, तर त्याचं बोलणं तोडून म्हणाला, "पंप दे." नवा पंप बसला, बेल्ट चढला, गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. टॅक्सीवाला हात जोडून गेला.

तो घरात आला तेव्हा अक्काची पिशवी खुंटीवर नव्हती.

तिच्या घरी जाऊन माफी मागायची आहे. तो अजून गेलेला नाही.