पुष्पाबाईंच्या कागदांची पिशवी

ही २०२३ सालची गोष्ट. मित्रांनो, मी एक जुनी कापडी पिशवी आहे. त्याच्या सात वर्षं आधी जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पुष्पाबाईंना स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा त्यांनीच मला जुन्या चादरीतून शिवलं. ऑपरेशनचे, केमोचे सगळे कागद माझ्या पोटात. एसटीत माझ्यावर डोकं टेकून त्या कितीदा झोपल्या! मग त्या बऱ्या झाल्या आणि मी खुंटीवर गेले. धूळ खात राहिले, पण त्यातच माझं सुख होतं.

२०२३ मध्ये त्यांच्या काखेत गाठ आली. मला पुन्हा खाली काढलं. जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी जुने कागद आणि नवा स्कॅन शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

"आजार उलटल्यासारखा दिसतोय. पण गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय मी औषध सुरू करणार नाही."

पुष्पाबाईंचे मालक कडूबा ताडकन उठले. "फोटोत दिसून राह्यलं ना? मंग जल्दी सलाईन लावा! सुई टोचली की गाठ चिडती, अंगभर पसरती."

"तसं होत नाही, बाबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कडूबा ऐकेनात. मुलगी शीतल रडू लागली. तेव्हा पुष्पाबाई थकल्या आवाजात म्हणाल्या, "अहो, सोयाबीन पेरायच्या आधी गोणपाटात शंभर दाणे भिजवून उगवण बघता. घरचं बियाणं असलं तरी बघता. मंग माझ्या अंगात केमोचं इख पेरायच्या आधी बघायला काय झालं? एकदा घेतलंय मी ते. उगंच न्हाई घेणार."

"हिच्यापुढं कोण बोलंल!" म्हणत कडूबा खाली बसले.

गाठीचा तुकडा तपासायला गेला. दहा दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. मग कागद आला. कॅन्सर नव्हता, क्षयाची गाठ होती. केमो दिली असती तर ताकद जाऊन क्षयच फोफावला असता.

पुष्पाबाईंनी गोळ्यांचा कोर्स पुरा केला. अजूनही दर सहा महिन्यांनी मला घेऊन तपासणीला जातात. दमतात, पण चुकवत नाहीत. शीतल लग्न होऊन धावड्याला गेली. पुष्पाबाईंच्या प्रत्येक फेरीला सोबत धावणारे कडूबा मात्र गेल्या वर्षी छातीत कळ येऊन गेले. कळ जुनीच होती म्हणे, पण त्यांनी ती कधी डॉक्टरांना दाखवली नाही. माझ्या पोटात त्यांच्या नावाचा एकही कागद नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात सगळ्यांसाठी धावणारं जे माणूस असेल, त्यालाही एकदा हाताला धरून दवाखान्यात न्या.