ताईंनी भरलेले अकरा स्वभाव

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत सगळे त्यांना ताईच म्हणत, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठे असलेले मालकसुद्धा. बावीस वर्षं ताई एका खुर्चीत बसून एकच फोन उचलत होत्या. कुणी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलं की पहिला आवाज ताईंचा. "दार ओढू नका. खाली बसा. माणूस निघालाय." माणूस निघालेला नसायचा, बहुधा चहा पीत असायचा, पण ताई एका हातानं रिसीव्हर धरून दुसऱ्या हातानं त्याला दाराकडे ढकलत.

अडकलेली माणसं काहीही बोलतात. कुणी बायकोची माफी मागतं, कुणी वकिलाचं नाव घेतं, तर कुणी आपण अडकलोच नाही असं शेवटपर्यंत सांगतं. बावीस वर्षं हे ऐकून ताईंचे कान इतके तयार झाले होते की समोरचा 'हॅलो' कसा म्हणतो यावरून तो पुढे काय म्हणणार हे त्या मनात आधीच म्हणून मोकळ्या होत.

मालकांचं वय झालं तसं त्यांनी जावयाला गादीवर बसवलं. गादीवर म्हणजे काचेच्या केबिनमध्ये. निर्णय मालक घरून फोनवर घेत आणि जावईबापू ते स्वतःचे म्हणून जाहीर करत. जावईबापूंनी खरोखर स्वतःच्या डोक्यानं घेतलेला पहिला निर्णय म्हणजे स्वभावचाचणी.

त्यासाठी एक बाई आल्या. त्यांचं खरं नाव काय ते पहिल्याच दिवशी सगळे विसरले आणि त्या चाचणीबाई झाल्या. त्यांनी सांगितलं की जगात माणसं चारच प्रकारची असतात: दीपक, वारा, खांब आणि झरा. दीपक वाट दाखवतो, वारा धावतो, खांब टिकतो आणि झरा जुळवून घेतो. कॉम्प्युटरवर नव्वद विधानं येतील, प्रत्येकाखाली 'पूर्ण सहमत'पासून 'अजिबात नाही'पर्यंत खुणा असतील. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी भरायचं. मग ज्याला जे शोभतं ते काम त्याला मिळेल.

"आणि पाचव्या प्रकारचे असले तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"तसे नसतात," चाचणीबाई म्हणाल्या.

शुक्रवारी नेमक्या सात लिफ्ट बंद पडल्या. माणसं पांगली. दुपारी दोनपासून ताईंचा फोन वाजायला लागला, पण बंद लिफ्टसाठी नव्हे.

"ताई, तेवढं माझं भरून टाका ना."

"अरे, नव्वद प्रश्न आहेत. मला काय ठाऊक तुझ्या मनात काय आहे?"

"मनात काय असणार ताई, काही नाही. टाका भरून."

असे एकामागून एक अकरा फोन आले. ताईंनी चष्मा पुसला आणि बसल्या.

सुरुवातीला त्या जरा बिचकल्या, पण तिसऱ्या माणसापर्यंत हात बसला. कोण चिडतो, कोण चिडल्याचं लपवतो, कोण 'हो' म्हणून करत नाही आणि कोण 'नाही' म्हणून करतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. वर्कशॉपमध्ये एक जण होता, त्याला सगळे डुलकी म्हणत. मोटरच्या खोक्याला टेकला की त्याचे डोळे मिटत. 'मी निर्णय घेण्यापूर्वी शांतपणे विचार करतो' याखाली ताईंनी त्याच्यासाठी 'पूर्ण सहमत'वर खूण केली. शांत तर तो असायचाच.

दोन ठिकाणी मात्र त्या थांबल्या.

पहिला उस्ताद, म्हणजे मुकादम. पंधरा वर्षं तो तळमजल्यावर कमरेवर हात ठेवून उभा राही आणि मान वर करून हुकूम सोडी. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, तसं हा जमिनीवरून माणसं चढवी. वर जोडीला तोंडाचा पट्टा चालू. आपण तरुणपणी दातात दोर धरून कसे चढलो, बाराव्या मजल्यावर एका हातानं मोटर कशी बसवली, भीती हा शब्दच आपल्याला कसा ठाऊक नाही. 'धोक्याच्या वेळी माझं मन स्थिर असतं.' पूर्ण सहमत. 'देखरेखीपेक्षा प्रत्यक्ष काम मला आवडतं.' पूर्ण सहमत. ताईंनी पदरचं एक अक्षर घातलं नाही. पंधरा वर्षं तो जे सांगत आला तेवढंच त्यांनी खरं मानलं.

दुसरा शिडी. सहा फूट दोन इंच उंच, म्हणून शिडी, आणि शिडी म्हणूनच प्रत्येक गच्चीवर पहिला तोच. दोन वर्षांपूर्वी एका गच्चीवर लिफ्टच्या मोटरखोलीबाहेर त्याचा पाय सटकला होता. लागलं काहीच नाही. पण तेव्हापासून तो गच्चीवरून ताईंना फोन करी. "ताई, पत्ता बरोबर आहे ना?" पत्त्यावर तर तो उभाच असे. ताई पत्ता सांगत, मग इमारतीचा रंग विचारत, मग आईचा गुडघा कसा आहे ते विचारत, आणि पलीकडचा श्वास जागेवर आला की म्हणत, "चल, कर काम." दोघांनीही यावर कधी चकार शब्द काढला नव्हता.

'मला उघड्यावर, उंचावर मोकळं वाटतं,' असं विधान होतं. ताईंनी 'अजिबात नाही'वर खूण केली आणि फोन खणखणला म्हणून तो उचलला.

सोमवारी निकाल आला. प्रत्येकाला गळ्यात घालायला एक कार्ड आणि वाचायला दोन पानं मिळाली. ताईंना वाटलं, आता आपली शोभा होणार. झालं उलटंच. जो तो आपली पानं दुसऱ्याला वाचून दाखवत होता.

"बघ, काय लिहिलंय. 'वरून कठोर वाटलात तरी आतून तुम्ही हळवे आहात.' ह्या बाईला कसं कळलं?"

"माझं बघ. 'तुमची कदर होत नाही.' आता बोला."

निकाल पटला का, या रकान्यात अकराही जणांनी 'अगदी बरोबर' असं लिहून सही केली. डुलकी 'चिंतनशील झरा' निघाला. पूर्वी तो चोरून झोपायचा, आता कार्ड छातीवर ठेवून झोपू लागला. हलवलं तर म्हणे, "चिंतन चाललंय." ज्यांना वारा मिळाला ते म्हणू लागले की आम्हाला कागद भरायला सांगू नका, आम्ही वारा. खांब म्हणू लागले की आम्हाला धावायला सांगू नका. आठवडाभर कंपनीत स्वभाव सोडून दुसरं काही काम म्हणून झालं नाही.

जावईबापूंनी मात्र शब्द पाळला आणि कामं बदलली. शिडी खांब निघाला. त्याला वर्कशॉपमध्ये लिफ्टच्या मोटरींच्या दुरुस्तीवर बसवलं. त्यानं कार्ड दोनदा वाचलं, ताईंच्या टेबलापाशी आला, काहीतरी बोलायचं म्हणून उभा राहिला आणि "पत्ता बरोबर आहे," एवढंच म्हणून गेला.

उस्ताद वारा निघाला. त्याची रवानगी गच्चीवर झाली.

पहिले दोन दिवस त्यानं पाठ धरली म्हणून काढले. तिसऱ्या दिवशी बहाणे संपले. नऊ मजली इमारत, लिफ्ट बंद, गच्चीवर मोटरखोली आणि तिथं जायला भिंतीला ठोकलेली लोखंडी शिडी. सकाळी साडेदहाला ताईंचा फोन वाजला.

"ताई, मी उस्ताद."

"बोला. झालं काम?"

"काम झालं. पाच मिनिटांत झालं. वायर सुटली होती." मग बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. "ताई, हे लोक शिडी अशी का लावतात?"

"कशी?"

"खालचं दिसतं हो त्यातून."

ताईंनी खुर्ची पुढे ओढली. "किती वेळ झाला वर?"

"चाळीस मिनिटं. कुणाला सांगू नका. जरा बोलत राहा."

ताई बोलत राहिल्या. त्याच्या धाकट्या मुलीची परीक्षा, घरातला गळका नळ, मेव्हण्याशी झालेलं भांडण. फोन कानाशी धरून उतरता येत नाही, म्हणून तो स्पीकरवर लावून खिशात ठेवायला सांगितला आणि मोठ्यानं पायऱ्या मोजल्या. चौदा होत्या. अकराव्या पायरीवर उस्ताद म्हणाला की खरं सांगायचं तर आपण दातात दोर कधीच धरला नव्हता.

"ठाऊक आहे," ताई म्हणाल्या. "बारावी."

जमिनीला पाय लागले तसा उस्तादाचा जोर परत आला. दुपारी तो थेट केबिनमध्ये घुसला. माझी चाचणी चुकली, पुन्हा घ्या. जावईबापूंनी चाचणीबाईंना बोलावलं. त्यांनी कॉम्प्युटर उघडला आणि त्यांच्या भुवया हळूहळू वर गेल्या. अकरा माणसं, एकच कॉम्प्युटर, एकच दुपार, दर सात-आठ मिनिटांनी एक स्वभाव. कॉम्प्युटर कुणाच्या टेबलावरचा ते शोधायला काही वेळ लागला नाही.

ताईंना आत बोलावलं. उस्ताद दाराशी घुटमळत होता, त्याला बाहेर काढलं.

"हे सगळं तुम्ही भरलं?" जावईबापूंनी विचारलं.

"हो."

"ही फसवणूक आहे, ताई."

"आहे," ताई म्हणाल्या. "पण शुक्रवारी सात लिफ्ट बंद होत्या."

जावईबापूंचा चेहरा लाल झाला. स्वतःच्या डोक्यानं घेतलेला एकुलता एक निर्णय फुकट गेला होता. पण चाचणीबाई कागद चाळत होत्या. "दहांतल्या सहा जणांना निकाल पटला तरी आम्ही खूश असतो," त्या पुटपुटल्या. "इथं अकराच्या अकरा."

"योगायोग," जावईबापू म्हणाले. "एवढं कळतंय तर माझी चाचणी भरा. आत्ता. इथं, माझ्यासमोर." त्यांच्या छातीवर दीपकचं कार्ड होतं. ते त्यांनी स्वतः भरून मिळवलेलं.

ताई नको म्हणाल्या. त्यांनी हट्ट धरला. मग चाचणीबाई वाचू लागल्या आणि ताई उत्तरं देऊ लागल्या. सुरुवातीची साधी होती. मग आलं, 'मला ठामपणे नाही म्हणता येतं.'

ताईंनी एकदा जावईबापूंकडे पाहिलं. "अजिबात नाही."

"ताई."

"तुम्हीच म्हणालात, भरा."

'मी निर्णय घेतल्यावर तो बदलत नाही.' अजिबात नाही. 'माझ्या मताला घरात किंमत आहे असं मला वाटतं.' ताई जरा थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हे सोडून देऊ."

"सोडता येत नाही," चाचणीबाई म्हणाल्या. "पुढचं पान येत नाही."

"मग अजिबात नाही."

नव्वद झाले. झरा. भांडं देईल तो आकार घेणारा. जावईबापू ती दोन पानं वाचत बसले. वाचता वाचता त्यांनी गळ्यातलं कार्ड काढलं आणि खिशात घातलं. "हे तुम्हाला आमच्या घरच्यांनी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"बावीस वर्षं मालकांचे फोन मीच जोडून देते," ताई म्हणाल्या. "त्यातली सहा वर्षं तुम्हाला."

तेवढ्यात फोन वाजला, आणि तो मालकांचाच होता. उस्तादानं बाहेर पडून त्यांच्या कानावर घातलं होतं. आवाज केबिनभर ऐकू आला. ते कार्डांचं खूळ बंद कर, सगळ्यांना जुन्या जागी पाठव, शिडीला वर चढव. जावईबापू "हो", "बरं", "बघतो" म्हणत राहिले. फोन बंद झाला. त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, दोन क्षण त्याच्याकडे बघितलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "नाही."

मग ताईंनी विचारलं, "परत जोडून देऊ?"

जावईबापूंना घाम फुटला. पण मान त्यांची खाली-वर हलली. ताईंनी नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, "मामा, शिडी वर्कशॉपमध्येच राहील. तो वर चढणार नाही. मी ठरवलंय." पुढची धमकी ऐकायला त्यांनी डोळे मिटून घेतले.

पलीकडून मालक म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

जावईबापूंना हे पचायला दिवस लागला. इतकी वर्षं आपण काय धरून बसलो होतो, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी ताईंना दोनदा विचारलं. ताई रिसीव्हरकडे वळल्या. फोन वाजत होता.

उस्तादाचं काय करायचं हा प्रश्न उरला. वर तो जाईना, आणि वर जायला घाबरतो हे कळल्यावर खाली त्याचं कुणी ऐकेना. ताईंनीच सुचवलं की त्याला त्यांच्या हाताखाली फोनवर बसवावा. आणि गंमत म्हणजे तिथं तो शोभला. अडकलेल्या माणसाला तो बाराव्या मजल्याची गोष्ट सांगायला लागे आणि ती संपायच्या आत मेकॅनिक पोचलेला असे. एका म्हाताऱ्यानं तर बाहेर निघाल्यावर शेवट ऐकायला परत फोन केला.

राहता राहिली ताईंची स्वतःची चाचणी. अकरा जणांच्या नादात बारावी भरायची राहूनच गेली होती. चाचणीबाईंनी मुद्दाम येऊन समोर बसवलं. पहिलंच विधान होतं, 'मला एकटं राहायला आवडतं.'

ताईंचा हात थांबला. दुसऱ्या कुणाचं असतं तर चुटकीसरशी झालं असतं. त्यांनी घरी फोन लावला.

"मला एकटं राहायला आवडतं का हो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"काय झालं?"

"काही नाही. फॉर्म आहे."

नवऱ्यानं विचार केला. "कोण जाणे. घरी आल्यावर तू बोलतच नाहीस. दमलेली असतेस. मी विचारत नाही."

"मग काय लिहू?"

"लिही काहीतरी."

ताईंनी काहीतरी लिहिलं नाही. दुसऱ्यांच्या बाबतीत इतकं चोख भरलं आणि आपल्या बाबतीत ठोकून द्यायचं, हे त्यांना पटेना. पुढच्या बुधवारी दुपारी त्यांनी रिसीव्हर उस्तादाकडे दिला, पर्स उचलली आणि मोबाइल टेबलावरच ठेवून बाहेर पडल्या. दोन गल्ल्या पलीकडे एक लहानशी बाग होती. तिथल्या बाकावर जाऊन बसल्या.

पहिली दहा मिनिटं अवघड गेली. हात सारखा कानाकडे जाई. शेजारच्या बाकावर एक बाई मोबाइलवर कुणाशी तरी भांडत होती. ती आता रडणार हे ताईंना तिच्या आधी कळलं, म्हणून त्या उठून लांबच्या बाकावर गेल्या. तिथं कुणी नव्हतं. त्यांनी चपला काढल्या आणि पाय गवतावर ठेवले. एक तास कुणी त्यांना काही विचारलं नाही आणि त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही.

साडेचारला त्या परतल्या, कॉम्प्युटर उघडला आणि पहिल्या विधानाखाली 'पूर्ण सहमत'वर खूण केली. उरलेली एकोणनव्वद त्यांनी भरली नाहीत. जावईबापूंनी दोनदा आठवण केली. दुसऱ्यांदा ताई म्हणाल्या की एकेका विधानाला एकेक बुधवार लागेल.

जावईबापूंना आता नाही म्हणायची सवय लागली होती. तरी या वेळी ते हो म्हणाले.