हॅल्वर्सनबाईंनी मला बाजूला सारलं

मित्रांनो, मी मिनेसोटातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातला जुना आडपडदा आहे. मेपलची चौकट आणि निळं कापड. तिथल्याच सुतारशाळेत माझा जन्म झाला. लेखन केंद्राला ग्रंथालयात जागा मिळाली, तेव्हा मला मधोमध उभं केलं. एका बाजूला ग्रंथपाल हॅल्वर्सनबाई मुलांना संदर्भ शोधून देत. दुसऱ्या बाजूला लेखन केंद्राचा रूबेन त्यांचे निबंध वाचून लिहायला शिकवी. एकमेकांच्या कामात लुडबुड करायची नाही, असा नियम होता. किती शांत झालं, असं सगळे म्हणत आणि मला अभिमान वाटे.

एका मार्चमध्ये माय सी वांग आली. लाओसमधून येऊन इथे वसलेल्या आपल्या ह्मोंग समाजाच्या भाजीबाजारावर तिने निबंध लिहिला होता. त्यातला एक परिच्छेद उचललेला आहे, असा प्राध्यापकांना संशय होता. चार वाजेपर्यंत मूळ लेख दाखवायचा, नाहीतर प्रकरण शिस्त समितीकडे जाणार. टिपणं काढताना ती लेखाचं नाव लिहायलाच विसरली होती.

त्या परिच्छेदातली भाषा तिची नाही, हे रूबेनला कळलं. पण लेख शोधणं त्याचं काम नव्हतं. त्याने तिला पलीकडे पाठवलं. बाईंनी साठ लेख काढून दिले. पण वाक्यं ताडून पाहणं त्यांचं काम नव्हतं. त्यांनी तिला परत पाठवलं. तीनदा ती मला वळसा घालून गेली. शेवटी माझ्या चौकटीला टेकून खाली बसली. तीन वाजून गेले होते.

"आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच," ती हळूच म्हणाली. "आईला काय सांगू?"

बाई उठल्या. "रूबेन, खुर्ची सरकव. मी तिकडे येते."

"आणि नियम, बाई?"

"नियमाचं मी बघते. तू मोठ्यानं वाच."

त्यांनी मला भिंतीकडे ढकललं. तो एकेक वाक्य वाची, बाई शोधत. पावणेचारला सापडलं: शेतकी खात्याचं एक जुनं पत्रक. तीन वाक्यं तिथली होती, बाकी सगळी तिची. रूबेनने तिच्याकडून अवतरणचिन्हं घालून घेतली, बाईंनी संदर्भ कसा नोंदवायचा ते दाखवलं, आणि ती धावत सुटली. गुण कापले गेले, पण समिती टळली.

तेव्हापासून मी भिंतीशी आहे. कापड विरलं, बिजागरी निखळली, कुणी ढुंकूनही बघत नाही. त्याचं मला दुःख नव्हतं. पण काल नवे अधिकारी आले. इथे गोंगाट फार, हा पडदा नीट करून पुन्हा मध्ये लावा, असं सांगून गेले. माझा जीव थाऱ्यावर नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात, हे खरं आहे. पण घाबरून आलेल्या मुलांना आधी जपा. मला दुरुस्त करू नका.