फरशीवाल्याची हिरवळ

घरामागचं अंगण मी माझ्या हाताने फरशीने मढवलं होतं, आणि तिथेच माझी मुलगी पडली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी फुशारक्या मारायला लागलो तर तुम्हाला मला आवरता येईल.

पंचवीस वर्षं मी फरश्या बसवतोय. माझ्या कामावर गोटी ठेवली तर कुठे घरंगळावं हे तिला कळत नाही, इतकी लेव्हल पक्की. आणि घरचं अंगण म्हणजे तर माझी जाहिरात. काळीभोर, गुळगुळीत, वाकून पाहिलं तर तोंड दिसेल अशी फरशी. गिऱ्हाईक आलं की मी त्याला खुर्ची द्यायच्या आधी मागच्या दारी न्यायचो. बायको दोनदा म्हणाली होती, "अहो, ओली झाली की पाय सरकतो हिच्यावरून." मी म्हणालो होतो, "मग जरा बघून चालावं माणसाने."

आमची लेक सात वर्षांची. क्षणभर एका जागी ठरत नाही, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणतात. वाळत घातलेल्या कपड्यांखालून धावताना ठिबकलेल्या पाण्यावर तिचा पाय गेला आणि मांडीचं हाड मोडलं. दोन महिने प्लास्टर. मग प्लास्टर निघालं, हाड छान जुळलं, डॉक्टर म्हणाले, आता खुशाल धावू दे. पण भिंगरी धावेना. घरात भिंतीला धरून चालायची. शाळेत जाताना माझ्या कडेवर. मागच्या दारात येऊन बसायची, पण पाय उंबऱ्याच्या आत, पोटाशी घेतलेले.

बायको मला एका शब्दाने बोलली नाही. नाकावर राग घेऊन फिरणारा माणूस मी. ती बोलली असती तर दणकून भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. ती शिवणकाम करते. दिवसभर ओठांत टाचण्या धरलेल्या, त्यामुळे तशीही कमीच बोलते. एका सकाळी तिने टाचण्या काढून हातात घेतल्या आणि म्हणाली, "ही फरशी काढा. हिरवळ लावू. पडलं तरी लागणार नाही असं काहीतरी पोरीच्या पायाखाली हवं."

माझं आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम ते. दोन दिवस घण घालत होतो. पहिला घाव मुद्दाम कोपऱ्यात घातला, खोटं कशाला बोलू.

नर्सरीवाल्याने चटईसारख्या गुंडाळलेल्या गवताच्या पट्ट्या आणून टाकल्या आणि काहीतरी समजावायला लागला. मी म्हणालो, "मला शिकवू नका, उभी हयात यातच गेली." बायको त्या दिवशी गणवेशांची ऑर्डर पोचवायला गेली होती. मी माती ठोकून ठोकून दगडासारखी केली, दोरी लावली, पाणसळ ठेवून लेव्हल धरली. पट्ट्या अशा मांडल्या की चार कोपरे एका रेषेत, आणि प्रत्येक सांध्यात मोजून सारखी फट. संध्याकाळी बायको आली. मी छाती फुगवून उभा. ती पट्ट्यांच्या कडेने एक फेरी मारून म्हणाली, "सरळ आहे."

चौथ्या दिवशी पट्ट्यांच्या कडा पिवळ्या पडून वर वळल्या. पाणी घालावं तर ते वरच साठायचं नाहीतर फटींतून वाहून जायचं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय ते मी डोळ्यांनी पाहिलं. भिंगरी उंबऱ्यातून म्हणाली, "बाबा, हे पण मोडलं का?" माझं डोकंच फिरलं. नर्सरीवाल्याला शिव्या घालायला मी फोन उचलला.

बायकोने फोन माझ्या हातातून घेतला आणि शिलाई मशीनवर ठेवला. अंगणात जाऊन गुडघ्यावर बसली, एक कोपरा धरला आणि उचलला. अख्खी पट्टी अलगद वर आली. खाली पांढरी, केसासारखी बारीक मुळं फुटली होती, पण सगळी आडवी वळलेली.

"अहो, सुई टोचायची तर खाली गादी लागते. तुम्ही पाट दिलाय," ती म्हणाली. "आणि या फटी कशाला?"

"फट ठेवावीच लागते. उन्हात फरशी फुगते, तिला जागा नको?"

"फरशी फुगते. हे आटतं. कोरं कापड आहे हे."

नर्सरीवाल्याला जे मी बोलू दिलं नव्हतं, ते हिला कुणी न सांगता कळलं होतं.

त्यानंतर तिने जे काम केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. मशीनवर कापड टाकून शिवणकाम बंद ठेवलं. पट्ट्या काढून सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवायला लावल्या. मला वीतभर खोल खणायला लावलं, खत मिसळायला लावलं, आणि मी सवयीने फावड्याची पाठ आपटायला लागलो की नुसती माझ्याकडे बघायची. मग माती भिजवून, फळी टाकून, फळीवर बसून तिने पट्ट्या मांडल्या. दुसरी ओळ अर्ध्या पट्टीने सुरू केली. "चार शिवणी एका ठिकाणी आल्या की तिथेच उसवतं," म्हणाली. पट्टी कधी ओढली नाही; कडेला कड भिडवून बोटांच्या पाठीने हळूच दाबत गेली. सांधा कुठला ते मला, पंचवीस वर्षं सांधे बघणाऱ्या माणसाला, सापडेना!

चार पट्ट्या वाळून गेल्या होत्या. नळाजवळचा वळणदार तुकडा मुळातच बाकी होता. तिने आत जाऊन तिची मोठी कातर आणली. त्या कातरीने मी एकदा साधा कागद कापला होता, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. तीच कातर तिने मातीमुळांसकट गवतात घातली, उरलेल्या पट्ट्यांची ठिगळं बेतली आणि जागोजागी बसवली. कातरीची धार गेली. त्या क्षणी मला तिचे पाय धरावेसे वाटले.

मग वाट बघणं. रोज पहाटे पाणी, आणि तीन आठवडे कुणी पाऊल टाकायचं नाही. भिंगरी रोज उंबऱ्यातून विचारायची, "धरलं का?" बायको कोपरा ओढून बघायची आणि म्हणायची, "अजून नाही."

एकविसाव्या दिवशी भिंगरीने स्वतः उंबऱ्यातून हात लांबवला आणि कोपरा ओढला. मग दोन्ही हातांनी ओढला. गवत हललं नाही.

"धरलंय!" ती म्हणाली. पण पाय आतच.

"ये की," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "बाबा, तू आधी पड."

बायको दारात उभी, ओठांत टाचण्या. मी अंगणाच्या मधोमध गेलो आणि नव्वद किलो दिले टाकून. धप्पकन आवाज झाला. खरंच लागलं नाही. पण उठायला गेलो तर जमेना. फरशीवाल्याचे गुडघे ते. धरायला काही नसलं की उठवत नाहीत. बायको पुढे झाली आणि मधेच थांबली.

"आई, बाबाला उठता येत नाहीये."

बायकोने टाचण्या काढल्या. "मग उठव की त्याला."

भिंगरीने उंबरा ओलांडला. भिंत नाही, कडेवर कुणी घेतलेलं नाही. आठ पावलं. मी मोजली. तिने माझे दोन्ही हात धरले, जोर लावला, हात निसटले आणि ती मागच्या मागे आपटली.

तिने खाली तळवा फिरवला, इकडेतिकडे चाचपून पाहिलं.

"लागलं नाही," ती म्हणाली आणि उठून परत माझे हात ओढायला लागली.

मला तिथे गवतात बसल्या बसल्या रडू आलं. "अगं, ती फरशी माझी होती," मी बायकोला म्हणालो. एवढे महिने मनात ठेवलेलं एकदाचं बाहेर पडलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्हीच फोडलीत ना ती. आता उठा, पोर केव्हाची ओढतेय तुम्हाला."