पाणक्याला किती तारे

एक तारा.

जोवेलिनने पहिलं वाक्य लिहिलं ते असं : "पाणक्या हे कार्ड तीन ऊर्जेचं, ताकद एक, जीव चार आणि उपयोग शून्य." वाक्य तिला आवडलं. आवडलं म्हणूनच तिने ते खोडलं.

सहा महिन्यांपूर्वी असंच एक आवडलेलं वाक्य तिने 'घंटावाली' नावाच्या कार्डावर लिहिलं होतं आणि त्याला पाचपैकी एक तारा दिला होता. पुढे त्याच कार्डाने सेबूची स्पर्धा मारली. तेव्हापासून इलोइलो शहरातली खेळणारी मंडळी जोवेलिनलाच घंटावाली म्हणतात. ला पाझच्या बाजारात ती बाचॉय हे शेवयांचं सूप खायला बसली, की मागच्या बाकावरून कोणीतरी चमच्याने वाटी वाजवतंच.

आता नव्या कार्डांचा संच येणार होता. खेळ बनवणाऱ्यांनी प्रत्येक परीक्षकाला एकेक कार्ड आधी खेळून बघायला दिलं होतं, आणि तिच्या वाट्याला पाणक्या आला. मजकूर संध्याकाळी सहाला द्यायचा होता. ती ज्या संकेतस्थळावर लिहायची ते रेनांतेंचं. ते तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठे, म्हणून ती त्यांना मानोंग, म्हणजे दादा, म्हणे. त्यांचा सकाळीच फोन आला होता.

"इंदाय, पोरी, या वेळी चुकलीस तर सदर दुसऱ्याला देईन. माझ्या मनात नाही, पण वाचणारे हसतात गं."

"कमी तारे दिले आणि कार्ड चाललं तर मी चुकले. जास्त दिले आणि पडलं तर?"

"तरी चुकलीस."

"मग बरोबर कधी असते मी?"

"ते तू बघ. आणि दोन-अडीच असं गुळमुळीत देऊ नकोस. मधले तारे कोणी वाचत नाही."

शून्य.

खेळ फोनवरचा आणि सोपा आहे. प्रत्येक खेळीला थोडी ऊर्जा मिळते, ती खर्च करून कार्डं मांडायची, उरली ती वाया. पाणक्या पटावर असला तर उरलेली ऊर्जा तो घागरीत भरून ठेवतो आणि पुढच्या खेळीला देतो. बस, एवढंच.

ती वीस डाव खेळली आणि चौदा हरली. "पाणक्या येतो, उभा राहतो, मार खातो, जातो." हे वाक्य खोडण्यासारखं नव्हतं.

पण शून्य द्यायचं तर सोबत चित्र हवं, कार्ड आपलं काम करतानाचं. सगळे डाव तिने रेकॉर्ड केले होतेच. भरलेल्या घागरीचं एक चित्र शोधायला ती बसली. पहिल्या डावात घागर रिकामी. दुसऱ्यात रिकामी. सातव्यात पाणक्या चांगल्या पाच खेळ्या जगला होता, तिथेही रिकामीच. रेकॉर्डिंग बिघडलं असेल म्हणून तिने विसावा डाव अगदी हळू करून पाहिला.

बिघडलं काही नव्हतं. प्रत्येक खेळीला ती सगळी ऊर्जा खर्चून मोकळी झाली होती.

अकरा वर्षांची सवय. या खेळात नवख्याला पहिली शिकवण ही, की काही उरवायचं नाही. एकच ऊर्जा उरली तर एका ऊर्जेचा उंदीर तरी मांडायचा. शेजारी पाणक्या रिकामी घागर घेऊन उभा असतानाही तिने उंदीर मांडले होते. एकूण एकतीस. तिने मोजले.

वीस डाव झाले, आणि पाणक्या एकदाही खेळला नव्हता.

तिला लाज वाटायला हवी होती. वाटली ती उत्सुकता. हा खरंच काय करत असेल?

साडेतीन? (प्रश्नचिन्हासकट)

दुपारचे दोन. ती उजव्या हातावर बसली, खरोखर, मांडीखाली दाबून, आणि डाव्या हाताने खेळू लागली. दोन ऊर्जा उरवल्या. बोटं शिवशिवली. मग फोनमधून एक आवाज आला, घागरीत पाणी पडल्याचा. तो आवाज या कार्डात आहे हेच तिला माहीत नव्हतं.

पुढच्या खेळीला चारऐवजी सहा ऊर्जा. देवमाशाचं महागडं कार्ड दोन खेळ्या आधी पटावर. डाव जिंकली.

दुसराही जिंकली. तिसऱ्यात समोरच्याने भरल्या घागरीसकट पाणक्याच मारला आणि जमवलेलं सगळं गेलं. चौथ्यात तिने हाव धरली, तीन उरवल्या. तोवर समोरच्याने तिला संपवलं.

नऊ डाव. चार जिंकली, पाच हरली.

एकच उरवली तर? समोरचा संथ असेल तर? दोन पाणक्ये एकदम? ती लिहीत सुटली. कार्ड चांगलं की वाईट हे विचारायचं मध्येच कुठेतरी राहून गेलं.

दोन.

"दोन?" रेनांते फोनवर म्हणाले. सहाला वीस मिनिटं होती. "मी काय सांगितलं होतं?"

"ते वाईटच आहे, मानोंग. पण लोक म्हणतील त्या कारणाने नाही. लोक वीस डाव खेळतील, काहीच उरवणार नाहीत आणि शून्य म्हणतील. माझंही तेच झालं."

"मी नाही असं करणार. तीस वर्षं पत्ते खेळतोय."

"माझ्या खात्यावरून खेळा, कार्ड अजून तिथेच आहे. मी लाइनवर थांबते."

पाच मिनिटं नुसती टकटक ऐकू आली.

"किती उरवली?" तिने विचारलं.

"उंदीर टाकला." मग, "थांब." मग, "परत टाकला. हात ऐकत नाही गं."

"हातावर बसा."

"माझ्या वजनाने मोडेल."

सहा वाजले. तिने सांगितलं. ते "हूं" म्हणाले. सहा दहाला पाण्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ त्यांचा, "अरेच्चा." सहा वीसला ते हरले.

"माझं काय चुकलं?" त्यांनी विचारलं. आवाज संपादकाचा नव्हता.

"एक उरवायला हवी होती. तुम्ही तीन उरवल्या. चौथ्या परिच्छेदात लिहिलंय."

पलीकडून पुटपुट ऐकू आली. ते वाचत होते. मधल्या ताऱ्यांचा मजकूर, शेवटपर्यंत.

"दोनच आहेत याला," ते म्हणाले.

"दोनच."

"टाकतो. शिव्या आल्या तर तुझा नंबर देईन."

"आणि सदर?"

"तुझंच. आता ठेव फोन, मला आणखी एक डाव खेळायचाय."

"माझ्या खात्यावरून?"

"मग कोणाच्या?"